सोसायटीतील अळ्यांची कचरासेवा आणि तिच्या पत्रकातली हिरवी माशी

नेरूळमधील आमच्या ८४ सदनिकांच्या सोसायटीने गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ओल्या कचऱ्याची विल्हेवाट अळ्यांकरवी लावणाऱ्या एका सेवेशी वर्षाचा करार केला. कराराच्या नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा सेवेबद्दलचा अभिप्राय लिहून देण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपवले. मी २४ वर्षे एका रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आहे, आणि "किडे-जंतू तुम्हालाच कळतात" एवढाच या निवडीमागचा विचार होता. समितीला दिलेले टिपण दीड पानाचे होते. येथे मी तेच विस्ताराने लिहीत आहे, कारण ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांच्या सचिवांकडे सध्या अशा सेवांची पत्रके येऊन पडत आहेत आणि मी पाहिलेल्या तीन-चार पत्रकांतील मजकूर एकमेकांवरून उतरवल्यासारखा आहे. आमच्या कंत्राटदाराचे नाव मी देत नाही. माझ्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारी या नव्या धंद्याच्या एकूण सवयींबद्दल आहेत.

२०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या आवाराच्या गृहसंकुलांवर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवण्याची जबाबदारी टाकली, तेव्हापासून आमच्या मागच्या भिंतीलगत विटांचे दोन खड्डे होते. उन्हाळ्यात त्यांचे बरे चालायचे. पावसाळ्यात खड्ड्यांत पाणी उतरले की पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची माणसे मागच्या खिडक्या उघडायचे सोडून देत. त्यामुळे अळ्यांचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेत आला तेव्हा जो विरोध झाला तो केवळ किळसेपोटी झाला, आणि खड्ड्यांच्या बाजूने बोलायला एकही सभासद उठला नाही.

या सेवेत वापरतात ती 'ब्लॅक सोल्जर फ्लाय' नावाच्या माशीची अळी. ही माशी काळी आणि सडपातळ असते, लांबून कुंभारीण म्हणतात त्या गांधीलमाशीसारखी दिसते, पण तिला नांगी नसते. ती चावत नाही आणि जेवणाच्या ताटावर घोंगावत नाही, कारण प्रौढ वयात तिला खाण्याची गरजच जवळजवळ उरत नाही. थोड्या दिवसांच्या आयुष्यात जोडीदार शोधायचा, कचऱ्याजवळच्या एखाद्या कोरड्या फटीत पाचशेच्या आसपास अंडी घालायची आणि मरून जायचे, एवढाच तिचा संसार. खाण्याचे सगळे काम अळीच्या वाट्याला येते. कंत्राटदार आपल्या केंद्रातून पाच दिवसांच्या अळ्या आठवड्यातून दोनदा आणतो. ४० बाय ६० सेंटिमीटरच्या प्रत्येक क्रेटमध्ये वजनाच्या अंदाजाने सुमारे १०,००० अळ्या सोडल्या जातात आणि बारा दिवसांत तीन हप्त्यांनी मिळून १५ किलो दळलेला कचरा घातला जातो. आमचा ओला कचरा दिवसाला ४० ते ४२ किलो निघतो. म्हणून पार्किंगच्या कोपऱ्यातील जाळीच्या खोलीत ३६ क्रेट सहा-सहाच्या चळतींत रचलेले आहेत, आणि त्यांत रात्रंदिवस तीन-साडेतीन लाख तोंडे चालू असतात.

पहिल्याच आठवड्यात एकदा रात्री साडेदहाच्या सुमारास, गाड्यांची ये-जा थांबल्यावर, मी त्या खोलीत गेले. क्रेटमधून सरसर असा अखंड आवाज येत होता, वाळलेल्या पाल्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा. हातमोजा घालून क्रेटच्या मधोमध बोटे घातली तर लगदा चांगला कोमट लागला. अळ्या एकमेकींच्या अंगाखालून वर आणि वरून पुन्हा तळाकडे अशा सारख्या फिरत होत्या आणि त्या घुसळणीचीच ती ऊब होती. सकाळी घातलेल्या पपईच्या सालीचा तोवर पारदर्शक पापुद्रा उरला होता, आणि त्या पापुद्र्याच्या कडेला बारा-पंधरा अळ्या डोकी खाली आणि शेपट्या वर करून अशा रांगेने लागल्या होत्या की पंगत बसली आहे असे वाटावे. ज्यांना किळस वाटते त्यांनी हे एकदा पाहावे, असे मी म्हणणार नाही. आमच्या शेजारणीने पाहिले आणि ती दोन दिवस नीट जेवली नाही.

कलिंगड, शिळा भात, पोळ्यांचे तुकडे, मासळीची डोकी आणि कल्ले यांचा फडशा दीड-दोन दिवसांत पडतो. कांद्याची सुकी साले, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याची पाने आणि नारळाची शेंडी जशीच्या तशी राहतात, आणि मे महिन्यात आंब्याच्या कोयी वेचायला वेगळा माणूस लावावा लागतो, ज्याचा उल्लेख करारात नव्हता. श्रावणात मासळी-मटण बंद झाले की अळ्या अंगाने लहान राहतात, हेही वर्षभरात कळले. मी स्वतः काट्यावर तोललेल्या एका क्रेटचा हिशेब असा होता: १५ किलो कचरा घातला, बाराव्या दिवशी साडेचार किलो भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखा अवशेष निघाला आणि पावणेदोन किलो अळ्या चाळून वेगळ्या झाल्या. कचरा कमी करण्याचे काम ही सेवा चोख करते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता पत्रकाकडे येते, कारण माझा मुख्य आक्षेप तेथे आहे. पत्रकात ठळक अक्षरांत लिहिले होते की अळ्यांच्या शरीरातील नैसर्गिक प्रतिजैविकांमुळे कचरा १००% जंतुमुक्त होतो आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा याच अळ्यांनी बऱ्या केल्या. शेजारी लखलखीत हिरव्या माशीचे मोठे छायाचित्र होते. ती हिरवी माशी म्हणजे लुसिलिया सेरिकाटा, मटणाच्या दुकानाबाहेर दिसणाऱ्या हिरव्या माश्यांच्या जातकुळीतली. जखमांवर वापरली गेली ती तिची आणि तिच्या भाऊबंदांची अळी. आमच्या क्रेटमधली काळी माशी वेगळ्या कुळातली आहे, आणि दोघींमध्ये साम्य एवढेच की दोघींच्या अळ्या सडक्यावर वाढतात.

युद्धाची गोष्ट खरी आहे, पण ती पुरी सांगायला हवी. १९१७ साली फ्रान्समध्ये काम करणाऱ्या विल्यम बेअर या अमेरिकन शल्यचिकित्सकासमोर दोन सैनिक आणले गेले. दोघांच्या मांडीची हाडे मोडून जखम उघडी पडलेली, पोटावर मोठ्या जखमा, आणि रणांगणावर अन्नपाण्याविना सात दिवस पडून राहिलेले. तरीही दोघांना ताप नव्हता. कपडे काढले तेव्हा जखमा अळ्यांनी बुजबुजलेल्या होत्या, आणि अळ्या धुऊन काढल्यावर पुवाऐवजी गुलाबी, भरून येऊ लागलेले मांस दिसले. आपल्याकडे जखमेत अळ्या पडणे म्हणजे हेळसांडीची परिसीमा. गुराच्या जखमेत अळ्या झाल्या की गावाकडे सीताफळीचा पाला वाटून लावतात आणि रुग्णालयात टर्पेंटाइनचा बोळा ठेवतात. बेअर यांनाही ते दृश्य पाहून आधी किळसच वाटली असणार. पण ते विसरले नाहीत, आणि दहा-बारा वर्षांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हाडांच्या जुनाट जंतुसंसर्गाच्या रुग्णांवर त्यांनी मुद्दाम अळ्या सोडून उपचार केले. सुरुवातीच्या काही रुग्णांना धनुर्वात झाला. तेव्हा त्यांनी माशीची अंडी रसायनाने निर्जंतुक करून त्यांतून निघालेल्या अळ्याच वापरण्याची पद्धत बसवली. त्यांचा अहवाल १९३१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. पत्रक लिहिणाऱ्याने यातले रणांगण घेतले आणि धनुर्वात सोडून दिला. अळी आपल्या आसपासचे सगळे जंतू मारत असती, तर तिची अंडी धुण्याची वेळ बेअर यांच्यावर आली नसती.

तरीही 'नैसर्गिक प्रतिजैविके' हा शब्द पत्रकवाल्याने हवेतून काढलेला नाही, आणि या विषयाचा मला प्रामाणिकपणे कौतुकमिश्रित आदर आहे. सडक्या मांसावर वाढणाऱ्या अळीला अन्नासाठी जिवाणूंशी झटावे लागते आणि त्याच जिवाणूंपासून स्वतःचा जीवही वाचवावा लागतो. तिच्या लाळेत आणि उत्सर्गात जंतुविरोधी द्रव्ये असणे म्हणून ओघानेच येते. तिच्या स्रावातील अमोनियामुळे जखम अल्कधर्मी होते आणि पुष्कळ जंतूंना ते मानवत नाही. १९३५ साली अमेरिकेच्या कृषी विभागातील विल्यम रॉबिन्सन यांनी या स्रावातील ॲलन्टॉइनचा जखम भरण्याशी असलेला संबंध दाखवला. आज तेच द्रव्य कारखान्यात तयार होऊन त्वचेच्या मलमांत पडते आणि ते वापरणाऱ्यांना त्याचा अळीशी काही संबंध आहे याची गंधवार्ता नसते. वेल्समधील स्वान्सी विद्यापीठाच्या गटाने 'सेराटिसिन' नावाचे एक लहान द्रव्य वेगळे केले, जे रुग्णालयांत धुमाकूळ घालणाऱ्या आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या एमआरएसए या हट्टी स्टॅफिलोकॉकस जिवाणूवरही चालते.

सर्वांत नेमके कळले आहे ते 'लुसिफेन्सिन' या प्रथिनाबद्दल. प्राग येथील शास्त्रज्ञांनी २०१० साली त्याची रचना उलगडली: ४० अमिनो आम्लांची साखळी, गंधकाच्या तीन दुव्यांनी घट्ट वळलेली. ज्या कुळातले हे प्रथिन आहे त्यातील काहींची युक्ती अशी की, जिवाणू आपली भिंत बांधत असताना लागणारी वीटच ती पकडून ठेवतात, आणि भिंत अर्धवट राहिलेला जिवाणू टिकत नाही. जिवाणूंचे 'ग्राम' नावाच्या रंगचाचणीवरून दोन गट पाडतात; त्यांतल्या स्टॅफिलोकॉकससारख्या ग्राम पॉझिटिव्ह जंतूंवर लुसिफेन्सिन चालते. आतड्यात राहणाऱ्या इ. कोलायसारख्या ग्राम निगेटिव्ह जंतूंना या भिंतीबाहेर आणखी एक आवरण असते, आणि तेथे त्याचे काही चालत नाही. याचा अर्थ इ. कोलाय अळीच्या तावडीतून सुटतो असाही नाही. जेरुसलेममधील संशोधकांनी २००१ साली हिरवे चमकणारे इ. कोलाय तयार करून लुसिलियाच्या अळ्यांना खाऊ घातले आणि सूक्ष्मदर्शकाखाली अळीच्या आतड्याचा माग काढला. तोंडाकडच्या भागात हिरवा उजेड भरलेला होता आणि तो मागे मागे जात शेवटाकडे बहुतांशी विझलेला होता. जे तिच्या पोटात जाते त्यातले बरेचसे मरते. जे शेजारी पडून राहते त्याची हमी नाही. वैद्यकीय उपयोगाबद्दलही शास्त्रज्ञ पत्रकवाल्यांपेक्षा सावध आहेत. ब्रिटनमध्ये पायांवरील जुनाट व्रणांच्या २६७ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अळ्यांनी व्रण जेलच्या पट्टीपेक्षा लवकर साफ केला, पण तो भरून यायला तेवढाच वेळ लागला, वेदना जास्त झाल्या आणि जंतूंच्या संख्येतही फरक आढळला नाही.

आमच्या काळ्या माशीच्या अळीकडेही अशी आयुधे आहेत, किंबहुना जास्तच. २०१८ साली तिच्या जनुकांची छाननी झाली तेव्हा अशा जंतुविरोधी प्रथिनांची पन्नासहून अधिक जनुके सापडली, आणि ती कमी-जास्त प्रमाणात चालू होणे अळी काय खाते यावर अवलंबून असल्याचे दिसले. तिच्या चरबीत लॉरिक आम्ल भरपूर असते, म्हणजे खोबरेल तेलात असते तेच, आणि तेही काही जंतूंना मारक आहे. परंतु ही प्रथिने अळीच्या रक्तात तिच्या स्वतःच्या रक्षणासाठी फिरत असतात. ४२ किलो कचऱ्याला पुरतील अशी ती बाहेर फवारली जात नाहीत. २००४ साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत याच अळ्यांनी कोंबड्यांच्या विष्ठेतील इ. कोलायच्या एका घातक वाणाचे प्रमाण लवकर घटवले, गाईच्या शेणात काहीच फरक पाडला नाही आणि डुकरांच्या विष्ठेत तर तो वाण उलट जास्त टिकला. विष्ठेची आम्लता यामागे असावी, असा संशोधकांचा कयास होता. स्वीडनमधील अभ्यासांत जुलाब लावणारा साल्मोनेला जिवाणू झपाट्याने कमी झाला, पण जंताची अंडी अळ्यांच्या पोटातून जशीच्या तशी बाहेर पडली. एवढी अंगे असलेल्या गोष्टीला '१००%' हा आकडा चिकटवणे म्हणजे फिनेलच्या बाटलीवरचा मजकूर जिवंत प्राण्याच्या अंगावर छापणे होय.

कोणी म्हणेल की कचऱ्याच्या पत्रकात थोडी अतिशयोक्ती चालायचीच. माझेही मत कदाचित तसेच राहिले असते, पण मे महिन्यात खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ ते पत्रक हातात घेऊन माझ्याकडे आले. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना, आणि पायाच्या अंगठ्याजवळची जखम तीन महिने चिघळलेली. "वहिनी, खरं सांगा, यातल्या चार अळ्या पट्टीखाली ठेवल्या तर चालेल का? सैनिकांच्या जखमा बऱ्या झाल्यात म्हणे." मी त्यांना बसवले, चहा दिला आणि स्पष्ट शब्दांत सांगितले की आपल्या पार्किंगमधली अळी ही त्या उपचारातली अळी नाही, ती कोंबडीच्या कातड्यावर आणि नासलेल्या डाळीवर वाढलेली आहे, आणि तिच्या अंगाला कोणते जंतू चिकटले आहेत हे तिलाही माहीत नाही. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ साली जखमांसाठी ज्या अळ्यांना मान्यता दिली आणि ब्रिटनमध्ये त्याच वर्षापासून ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागल्या, त्या निर्जंतुक अंड्यांतून वाढवलेल्या लुसिलियाच्या अळ्या असतात. एक चौरस सेंटिमीटर जखमेला पाच ते दहा या हिशेबाने ठेवून दोन-तीन दिवसांत काढून टाकायच्या असतात. ते दुसऱ्याच दिवशी मधुमेही पायाच्या डॉक्टरांकडे गेले. पण ते आधी माझ्याकडे आले नसते तर काय झाले असते, या विचाराने मी त्या ठळक ओळीबद्दल कंत्राटदाराला लेखी पत्र दिले. त्याचे उत्तर चार महिने आले नाही.

त्या ओळीची खरी परीक्षा आषाढात झाली. अमावास्येआधीच्या रविवारी घरोघरी कोंबडी आणि मासळी शिजली आणि सोमवारी नेहमीच्या दीडपट कचरा आला, बहुतेक कातडी, हाडे आणि कोलंबीची साले. त्याच आठवड्यात पावसाने झोडपले, क्रेट सांभाळायला कंत्राटदाराकडून येणारा मुलगा सलग चार दिवस फिरकला नाही आणि केंद्राचा फोन कोणी उचलेना. सफाई कामगारांनी नाइलाजाने न दळलेला कचरा क्रेटांवर थापला. पाचव्या दिवशी पहाटे सुरक्षारक्षकाने मला फोन करून उठवले. अळ्या जाळीवरून चढून पार्किंगभर पसरल्या होत्या. दुचाकींच्या आसनांवर, जिन्याच्या पहिल्या पायरीवर, लिफ्टच्या दाराच्या खाचेत. वाढ पूर्ण झालेली अळी गडद तपकिरी होते आणि कोश करायला कोरडी जागा शोधत आपण होऊन बाहेर पडते, हे मला ठाऊक होते. पण या बहुतांश पांढुरक्या, अर्ध्या वाढीच्या होत्या. वरचा थर बाजूला केला तर खाली काळा चिखल झाला होता आणि त्याला नासलेल्या अंड्याचा दर्प होता.

सातच्या सुमारास तो मुलगा भिजत आला, क्रेटमध्ये एकदा हात घातला आणि म्हणाला, "काकू, ह्यांना खाली श्वास मिळत नाय, म्हणून पळतात. भुसा आहे का?" भुसा नव्हता. नेरूळमधल्याच एका सुताराच्या दुकानातून तीन गोणी आणल्या, दोघांनी मिळून एकेका क्रेटचे दोन क्रेट केले, चिखल भुशात कालवला आणि पंखा लावला. तिसऱ्या दिवशी वास गेला. त्या आठवड्यात प्रतिजैविके अळ्यांच्या अंगात होतीच, कमी पडली ती हवा. दुर्गंध येतो तो हवेविना जगणाऱ्या जिवाणूंमुळे, आणि त्यांचा बंदोबस्त अळ्या करतात तो मुख्यतः लगदा सतत उपसून मोकळा ठेवल्यामुळे; लगदा फार ओला झाला की त्यांनाही ते जमत नाही. या मुलाला हे कोणी शिकवले होते ते मला माहीत नाही, पण पत्रक त्याने लिहिले असते तर ते अधिक खरे झाले असते.

तयार खताबद्दल थोडे. बाराव्या दिवशी चाळून निघालेल्या ताज्या अवशेषाचा नमुना मी एका परिचित प्रयोगशाळेत मॅकॉन्की आगरच्या, म्हणजे आतड्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या माध्यमाच्या, बशीवर पसरला. दुसऱ्या दिवशी बशी गुलाबी वसाहतींनी गच्च भरली होती, म्हणजे इ. कोलायच्या गोतावळ्यातील मंडळी सुखरूप होती. तोच अवशेष सावलीत पसरून, अधूनमधून उलथून दीड महिना मुरवल्यावर पुन्हा पाहिला तेव्हा मोजता येतील एवढ्याच वसाहती आल्या. एकेका नमुन्याला चाचणी म्हणता येणार नाही, हे मी समितीलाही लिहिले. पण युरोपीय संघाने २०२१ पासून कीटकांचे असे खत विकण्याआधी ते ७० अंश सेल्सिअसला तासभर तापवणे बंधनकारक केले आहे, यावरूनही ताज्या अवशेषाला जंतुमुक्त म्हणणे किती धाडसाचे आहे ते कळावे. आमचा कंत्राटदार ते तापवत नाही. आम्ही ते जास्वंद, तगर आणि कुंपणाच्या झाडांना मुरवून घालतो आणि त्यांना ते उत्तम मानवते. कुंडीतल्या कोथिंबिरीला आणि पुदिन्याला मात्र घालू नये, अशी पाटी मी लावून घेतली आहे.

पैशांचा हिशेब साधा आहे. महिन्याला १४,००० रुपये, म्हणजे सदनिकेमागे सुमारे १६७ रुपये, हे मला अवाजवी वाटले नाही. खटकते ते निराळेच. रोज तीन क्रेट रिकामे होतात आणि पाच किलोच्या वर पोसलेल्या अळ्या कंत्राटदार घेऊन जातो. वाळवल्यावर त्यांत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात आणि कोंबड्यांच्या व मत्स्यशेतीच्या खाद्यासाठी त्यांना गिऱ्हाईक आहे. आमच्याच उष्ट्यावर वाढलेला हा माल कोणाचा, याबद्दल करारात अवाक्षर नव्हते. नव्या सोसायट्यांनी हे कलम आधी वाचावे. सेवेचा जो लाभ पत्रकात लिहिलेलाच नाही तो घरमाश्यांचा: ज्या कचऱ्यात या अळ्या दाट असतात तेथे घरमाशी अंडी घालायला बिचकते, हे निदान १९५९ पासून शास्त्रीय लेखनात नोंदलेले आहे, आणि आषाढातला तो आठवडा सोडला तर आमच्या पार्किंगमधल्या माश्या खड्ड्यांच्या काळापेक्षा खरोखरच कमी झाल्या.

समितीने करार आणखी एका वर्षासाठी, महिना १२,५०० रुपयांवर, नूतन केला. माणूस ३६ तासांहून अधिक गैरहजर राहिल्यास कपात, दोन गोणी भुसा कायम शिलकीत, कोयी वेचण्याचा खर्च कंत्राटदाराचा आणि आमच्या आवारात लागणाऱ्या पत्रकात रोगजंतूंविषयी किंवा जखमांविषयी दावा नको, अशी चार कलमे त्यात नव्याने घातली. गेल्या रविवारी नवे पत्रक आले. '१००% जंतुमुक्त'च्या जागी 'जंतूंचे प्रमाण कमी होण्यास मदत' आले आहे आणि युद्धातले सैनिक गेले आहेत. हिरवी माशी मात्र आहे तेथेच आहे. मी त्या मुलाला पत्रक दाखवून म्हटले, "अरे, ही आपली माशी नव्हे." तो क्रेट चाळता चाळता म्हणाला, "माहितीये काकू. पण आपली काळी फोटोत उठून दिसत नाय."